पुस्तकाची निमताना मोजणी

सातारा,
१४ डिसेंबर

चि. मृण्मयीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू मागितलेले पुस्तक आज पार्सलने रवाना केले. तुझा फोन येऊन सव्वा महिना झाला आणि एवढ्या दिवसांत ते कपाटातून टपाल कार्यालयापर्यंत का पोहोचले नाही, याचा खुलासा करणे मला भाग आहे. बांधण्यापूर्वी पाने सुटलेली नाहीत ना, एवढे पाहण्यासाठी मी ते उघडले, आणि मग वाचतच राहिलो. माझे इंग्रजी कचेरीतल्या पत्रव्यवहारावर पोसलेले असल्यामुळे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' संपवायला मला तीन आठवडे लागले. त्यानंतर सुरुवातीची काही प्रकरणे पुन्हा वाचल्याशिवाय राहवेना, म्हणून आणखी दहा दिवस गेले.

तुझ्या दहावीच्या वर्षी हेच पुस्तक मी तुझ्या हातातून काढून घेतले होते आणि चार वेळा वाचून झालेल्या गोष्टीत पाचव्या वेळी काय निराळे घडणार आहे, असे तुला विचारले होते. तू काही बोलली नाहीस. उत्तर देवघरातून आजीने दिले होते: "मी दर चातुर्मासात पांडवप्रताप वाचते, ते काय अभिमन्यू वाचेल म्हणून?" त्या वेळी मी ते हसण्यावारी नेले. पोथीचे पारायण निराळे आणि कादंबरीची पारायणे निराळी, अशी माझी ठाम समजूत होती. ती समजूत कुठे चुकली, ते सांगण्यासाठी हे पत्र आहे.

पस्तीस वर्षे मी भूकरमापक म्हणून शेते मोजली, त्यामुळे पुस्तक उघडताच माझे लक्ष गोष्टीकडे न जाता नकाशाकडे गेले. आम्ही आधी शिवारात जातो, साखळी टाकतो, दगड पाहतो आणि मग नकाशा काढतो. या पुस्तकाचे लेखक टोल्कीन यांनी उलट केले. आपण शहाणपणाने आधी नकाशा घेतला आणि गोष्ट त्यात बसवली, असे त्यांनीच एका पत्रात नमूद केले आहे. मी दोरा घेऊन कथानायक फ्रोडोची वाट नकाशावर मोजली आणि परिशिष्टात दिलेल्या तारखांशी ताडून पाहिली. एक घातक अंगठी नष्ट करायला निघालेली मंडळी २५ डिसेंबरला रिव्हेंडेल हे ठिकाण सोडतात आणि २५ मार्चला अंगठी नष्ट होते. या तीन महिन्यांत कुठे किती दिवस मुक्काम झाला, कुठे नदीतून होड्यांनी अंतर तोडले, कुठे एकेक कोस चालायला दिवस गेला, याचा ताळमेळ मला बसवता आला. ज्या प्रदेशात डोंगराचा अडसर आहे तिथे माणसे खरोखर अडतात, हे पाहून माझ्यातला मोजणीवाला मनापासून संतुष्ट झाला.

मग मी या लेखकाविषयी मिळेल ते वाचू लागलो. १९४४ च्या मे महिन्यात टोल्कीन ऑक्सफर्डमध्ये अध्यापन सांभाळून हे पुस्तक लिहीत होते आणि त्यांचा मुलगा ख्रिस्तोफर हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत होता. लिहून झालेली प्रकरणे वडील त्याला टपालाने पाठवत. त्या महिन्यातल्या एका पत्रात ते आपली अडचण सांगतात: ताटातूट झालेल्या मंडळींचे दिवस जुळवताना त्यांना आढळले की चंद्र एका मुलखात उगवतो आहे आणि त्याच वेळी दुसऱ्या मुलखात मावळतो आहे. ती चूक निस्तरण्यासाठी मागच्या प्रकरणांतले तुकडे पुन्हा लिहिण्यात त्यांची सबंध दुपार गेली. पुस्तक छापून येण्याला तेव्हा दहा वर्षांचा अवकाश होता आणि चंद्राची ती गफलत एखाद्या वाचकाच्या लक्षात आलीही नसती. तरी त्यांनी मागे जाऊन दुरुस्ती केली. त्याच महिन्यातल्या दुसऱ्या पत्रात ते मुलाला कळवतात की फॅरामिर नावाचा एक नवा माणूस गोष्टीत आला आहे. आपण त्याला घडवलेले नाही, तो आपल्याला नकोसुद्धा होता, पण तो रानातून चालत आला, असे ते लिहितात.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की हे पुस्तक वाचकाने पुन्हा वाचण्याच्या कितीतरी आधी खुद्द लेखकाने पुन्हा पुन्हा वाचलेले आहे. आमच्या खात्यात एखाद्याला मोजणी मान्य नसली की तो निमताना मोजणीचा अर्ज करतो आणि वरिष्ठ अधिकारी तीच जमीन नव्याने मोजतो. टोल्कीन यांनी आपल्याच जमिनीवर अशा निमताना मोजण्या आयुष्यभर केल्या. त्यांच्या घरातला पहिला अर्जदार हा ख्रिस्तोफरच होता. 'द हॉबिट' ही बिल्बो नावाच्या नायकाची आधीची गोष्ट ते मुलांना तोंडी सांगत असत तेव्हा लहानगा ख्रिस्तोफर मधेच उठून बसला आणि म्हणाला की मागच्या वेळी तुम्ही बिल्बोचे दार निळे सांगितले होते, आज ते हिरवे झाले आहे, आणि थोरिनच्या टोपीचा गोंडा सोनेरी होता, तो आज रुपेरी झाला आहे. वडील पोरावर वैतागले, पण तसेच उठून पलीकडे गेले आणि त्यांनी ती नोंद करून घेतली. लहानपणी तू मला तीच गोष्ट रोज सांगायला लावत असस आणि एक शब्द बदलला तरी थांबवत असस. मला तो हट्ट वाटे.

'द हॉबिट'मधली दुरुस्ती तर मला एखाद्या फेरफार नोंदीसारखी वाटली. १९३७ च्या पहिल्या आवृत्तीत कोड्यांचा डाव हरल्यावर गॉलम हा ओंगळ प्राणी बिल्बोला वचनाप्रमाणे अंगठी द्यायला तयार असतो, ती सापडत नाही म्हणून माफी मागतो आणि त्याला बाहेरची वाट दाखवतो. पुढच्या मोठ्या कादंबरीत अंगठीचे स्वरूप बदलले. तिच्यासाठी जीव घेणारा प्राणी ती हसतमुखाने देऊन टाकील, हे अशक्य झाले. म्हणून १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण बदलले. मात्र जुनी नोंद त्यांनी खोडून टाकली नाही. बिल्बोने आधी आपल्या सोबत्यांना खोटी हकीकत सांगितली होती आणि ती अंगठी आपली हक्काची ठरावी म्हणून तो खोटे बोलला, असा खुलासा त्यांनी गोष्टीतच घातला. सातबारावर कमी झालेले नाव कंसात राहते आणि फेरफाराच्या नोंदीतून मागचा सारा इतिहास वाचता येतो, तसे हे झाले. लेखकाच्या बदललेल्या बेतातून पात्राचा एक खरा दोष निर्माण झाला, आणि ज्याला हे ठाऊक आहे तो बिल्बोकडे दुसऱ्यांदा पाहताना जरा सावधपणे पाहतो.

आता दुसऱ्या वाचनात मला काय मिळाले ते सांगतो. दुसऱ्याच प्रकरणात फ्रोडो म्हणतो की बिल्बोने संधी मिळाली तेव्हाच गॉलमला मारले असते तर बरे झाले असते. जादूगार गँडाल्फ त्याला सांगतो की बिल्बोचा हात दयेने आवरला, मरणाची शिक्षा वाटण्याची घाई करू नये, आणि त्या दयेवर पुढे पुष्कळांचे भवितव्य अवलंबून असेल. पहिल्या वेळी मी हे वाक्य म्हाताऱ्या माणसाचा उपदेश समजून ओलांडून गेलो. शेवटी ज्वालामुखीच्या काठावर फ्रोडो अंगठी टाकूच शकत नाही. तो ती आपली म्हणतो, आणि गॉलम त्याचे बोट तोडून अंगठीसह खाली कोसळतो म्हणूनच काम तडीस जाते. म्हणजे नायक अखेरच्या पावलावर हरतो आणि गोष्ट तरते ती मागे तीन वेगळ्या माणसांनी तीन वेगळ्या वेळी त्या ओंगळ जीवाला सोडून दिले म्हणून. बिल्बोने सोडले, फ्रोडोने सोडले, आणि डोंगराच्या उतारावर हातात तलवार असताना, मनातून जळफळत असताना फ्रोडोचा सेवक सॅम यानेही सोडले. मोजणीला निघताना ज्या दगडावरून प्रारंभ केला त्याच दगडावर येऊन साखळी मिळावी, तसे ते दुसरे प्रकरण आणि तो शेवट मिळतात. हे पहिल्या फेरीत दिसणे शक्यच नव्हते, कारण दगड कुठला हेच ठाऊक नव्हते.

त्याहून अधिक मला वाटेतल्या डोंगराच्या पायऱ्यांवरच्या प्रसंगाने थांबवले. फ्रोडो आणि सॅम दमून झोपलेले असतात. गॉलम परत येतो, त्यांच्याकडे पाहतो आणि क्षणभर तो फक्त एक थकलेला, एकाकी म्हातारा उरतो. तो थरथरत्या हाताने फ्रोडोच्या गुडघ्याला स्पर्श करतो. तेवढ्यात सॅम जागा होतो, त्याच्यावर खेकसतो आणि तो क्षण कायमचा जातो. सॅमची चूक म्हणावी तर तो आपल्या मालकाची राखण करत होता, आणि चूक नाही म्हणावे तर त्यानंतर गॉलम त्यांना जाळे विणणाऱ्या महाकाय कोळिणीच्या गुहेत घालतो. या साऱ्या कथेतला कदाचित सर्वांत दुःखद क्षण म्हणून टोल्कीन यांनी स्वतः याच प्रसंगाकडे बोट दाखवले आहे. पहिल्या वाचनात मी सॅमच्या बाजूने होतो आणि पान उलटले. दुसऱ्या वेळी पुढे काय होणार हे ठाऊक असल्यामुळे मी त्या पानावर बराच वेळ बसून राहिलो, आणि सॅमने आणखी जरा वेळ झोपून राहावे असे मला वाटत राहिले. अभिमन्यू वाचणार नाही हे ठाऊक असून आजीचा आवाज दर वर्षी त्याच अध्यायात का कापत असे, ते मला तिथे कळले. ती असती तर मी तिला हे सांगितले असते.

सगळेच काही मला रुचले असे समजू नकोस. टॉम बॉम्बाडिलची गाणी मी दोन्ही वेळा गाळली. लढायांची वर्णने तुझ्या वयाला शोभतात. शिवाय तुझ्या कपाटातल्या आणखी दोन जाडजूड कादंबऱ्याही मी चाळल्या. त्यांच्याही पहिल्या पानावर नकाशा आहे, पण त्यातली नदी डोंगर ओलांडून जाते आणि घोडेस्वार लेखकाला हवे तेव्हा पोहोचतात. अशा पुस्तकात काय होणार एवढीच उत्सुकता असते आणि ती एकदा भागली की ते पुन्हा उघडण्याचे कारण उरत नाही.

उर्सुला ले ग्विन यांची 'अर्थसी'ची पुस्तके मात्र त्याच फळीवर होती आणि ती मी ठेवून घेतली आहेत. त्यांनीही आधी नकाशा काढला, बेटांचा. पण त्यांनी केलेली निमताना मोजणी मला टोल्कीन यांच्या मोजणीपेक्षाही धाडसाची वाटते. १९६८ च्या पहिल्या पुस्तकात त्या बेटांवरची एक म्हण येते, की बाईची जादू दुबळी आणि बाईची जादू दुष्ट. तिथे ती सहज येते आणि कोणी तिला हरकत घेत नाही. जादूगारांच्या विद्यालयात मुलगी नाही, याचेही कोणाला काही वाटत नाही. १९७२ मध्ये तिसरे पुस्तक आले आणि कथा पुरी झाली असे सर्वांनी मानले. अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, त्यांनी 'तेहानू' लिहिले. त्यात मोठा जादूगार गेड आपली शक्ती गमावून घरी परतलेला आहे, आणि कथा चालते ती विधवा झालेल्या तेनारच्या आणि आगीत होरपळलेल्या एका मुलीच्या नजरेने. तीच बेटे, तीच म्हण, पण या वेळी ती म्हण ज्यांच्याविषयी आहे त्यांच्या घरात आपण बसलेलो असतो. आपण आखलेल्या हद्दीबाहेर कोणाची जमीन राहिली, हे पाहायला परत जाणारा माणूस माझ्या नोकरीत मला क्वचितच भेटला, आणि मी स्वतः तसा किती वेळा गेलो हा हिशेब मी सध्या मांडत नाही.

आता पाठवलेल्या पुस्तकातली, म्हणजे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली, एक गोष्ट तुला विचारायची आहे. तू तेराव्या वर्षापासून दर डिसेंबरात हे पुस्तक वाचतेस आणि प्रत्येक वेळी समासात पेन्सिलीने बारीक खुणा करतेस. त्या खुणा मी पाहिल्या, त्याबद्दल रागावू नकोस. पायऱ्यांच्या प्रसंगापाशी तुझ्या पहिल्या काही वर्षांच्या खुणा नाहीत. तिथे एकच खूण आहे आणि तिच्याखाली मागच्या वर्षीची तारीख आहे. त्या वर्षी तू तिथे का थांबलीस, ते सांगावेसे वाटले तर सांग.

मागचा मोठा नकाशा घड्यांवर फाटून दोन तुकडे झाला होता. गावनकाशांना लावतो तशी पातळ कापडाची पट्टी मागून खळीने चिकटवली आहे. ती आता पक्की आहे, तरी उलगडताना आधी उजवी घडी उघड. तुझ्या आईने त्याच खोक्यात मेतकूट आणि तिळाची चटणी ठेवली आहे. डबे घट्ट बांधले आहेत, पुस्तकाला तेल लागणार नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत येशील तेव्हा पुस्तक बरोबर आण, कारण भाषांविषयीची परिशिष्टे माझी वाचायची राहिली आहेत.

तुझा,
बाबा