ड्रॅक्युलाचा लेखक

प्रिय मन्या,

तू विचारलंस ड्रॅक्युलाच्या लेखकाचं एवढं काय घेऊन बसलायस, ते फोनवर मावणारं नाही म्हणून लिहितोय.

ब्रॅम स्टोकर मूळचा डब्लिनचा, जन्म १८४७ चा. सात वर्षांचा होईपर्यंत आजारपणात अंथरुणालाच खिळून होता, आणि आई त्याला स्लायगोमधल्या १८३२ च्या कॉलऱ्याच्या गोष्टी सांगायची, जिवंत माणसं पुरल्याच्या वगैरे. पोराच्या डोक्यात ते किती खोल गेलं असेल बघ. पुढे सरकारी कारकुनी, मग १८७८ ला लग्न आणि लगेच लंडन, हेन्री आयर्विंग या त्या काळच्या बड्या नटाच्या लायसियम थिएटरचा मॅनेजर म्हणून. सत्तावीस वर्षं! हिशेब, दौरे, साहेबांची पत्रं, रात्री उशिरापर्यंत पाहुण्यांची सरबराई, आणि यातून जो काही वेळ उरेल त्यात कादंबऱ्या.

१८९० च्या उन्हाळ्यात तो सुट्टीला इंग्लंडमधल्या व्हिटबी या समुद्रकाठच्या गावी गेला, तिथल्या लायब्ररीतल्या एका जुन्या पुस्तकात त्याला ड्रॅक्युला हे नाव सापडलं, आणि १८८५ मधे तिथल्या किनाऱ्यावर दिमित्री नावाचं रशियन जहाज वादळात आपटलं होतं त्याचीही माहिती त्याने काढली, कादंबरीत तेच डिमीटर झालं. कादंबरीतल्या ड्रॅक्युलाचा किल्ला ज्या ट्रान्सिल्व्हेनियात आहे, तिथे तर हा माणूस आयुष्यात गेला नाही, प्रवासवर्णनं वाचून नोट्स काढत बसला, त्या आजही फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख म्युझियममधे आहेत. जवळजवळ सात वर्षांनी, १८९७ ला पुस्तक आलं. मला तर ही चिकाटी बघूनच भरून येतं रे.

पण पैसा काही मिळाला नाही. १९०५ ला आयर्विंग गेला, पुढच्या वर्षी याला स्ट्रोक आला, आणि १९११ मधे लेखकांना मदत करणाऱ्या फंडाकडे अर्ज करायची वेळ आली. २० एप्रिल १९१२ ला गेला, टायटॅनिक बुडून पाचच दिवस झाले होते, त्या गदारोळात याच्याकडे कोण बघणार. टाइम्सच्या मृत्युलेखात त्याची मोठी कामगिरी म्हणून आयर्विंगच्या आठवणींचं पुस्तक धरलं होतं, ड्रॅक्युला नाही! हे मला अजून पचत नाही. नंतर जर्मनीत न विचारता त्यावर नोस्फेरातू सिनेमा काढला तेव्हा बायको फ्लॉरेन्स कोर्टात लढली आणि जिंकली, सगळ्या प्रिंट नष्ट करायचा हुकूम मिळवला, तरी काही वाचल्याच.

तू आधी सातवं प्रकरण वाच, जहाजाच्या कॅप्टनची रोजनिशी आहे त्यात, एकेक खलाशी गायब होत जातो आणि तो फक्त नोंद करत राहतो. वाचलंस की रात्री कितीही वाजता फोन कर.

तुझा,
सुहास