सव्वीस चिंचोके

गंगाखेड
कार्तिक वद्य एकादशी

प्रिय गड्या,
सप्रेम नमस्कार.

“चालू झाला का नाही, तेवढंच सांग,” असं तू फोनवर विचारलंस. झाला. पण कसा झाला ते फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून कागद घेतला.

बाबांचा वॉल्व्हचा, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, अँप्लिफायर आठवतो ना? सप्ताहात पहाटे काकड्याला आपण त्याच्यावर हात शेकायचो, तोच. पुतण्यानं भोंग्याची वायर न जोडताच आवाज पूर्ण चढवला. वॉल्व्हच्या सेटला हे खपत नाही. भार, म्हणजे भोंगा, नसला की वॉल्व्ह आणि भोंग्यामधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत, म्हणजे वॉल्व्हकडच्या वेढ्यांत, व्होल्टेज भलतंच उसळतं आणि आतलं इन्सुलेशन फुटतं. चर्र झालं, जळक्या वार्निशचा वास सुटला, संपलं.

एका दुकानानं “अगदी हाच” म्हणून दुसरा ट्रान्सफॉर्मर पाठवला. तो निघाला एका वॉल्व्हचा. पत्र्यांत फट ठेवलेली, प्रायमरीच्या मधून निघणारी तार, म्हणजे टॅप, नाहीच. आपल्यात ईएल ८४ वॉल्व्हची जोडी, आळीपाळीनं जोर लावणारी, पुश-पुल. परत घेईनात. मग जुनाच भरून घ्यायचं ठरवलं.

मोंढ्याजवळ मोटारी भरणारे मिस्त्री आहेत. रब्बीचे दिवस, दुकानात जळालेल्या पाणबुडी मोटारींचा ढीग. तरी म्हणाले, “आधी मोजू, मग भरू.” ३६ नंबरची तार, केसासारखी. ते उलगडायचे, शंभर वेढे झाले की मी वाटीत एक चिंचोका टाकायचा. चहा आला तेव्हा तार तुटली. टोक शोधण्यात अर्धा तास गेला. शेवटी चिंचोके भरले २६. म्हणजे प्रायमरी २,६०० वेढे, भोंग्याकडची सेकंडरी ११६. भागलं तर २२.४, त्याचा वर्ग साधारण ५००, आणि भोंग्याचं युनिट १६ ओहमचं. गुणाकार ८,००० ओहमच्या घरात, म्हणजे वॉल्व्हना भोंगा तेवढा दिसतो! ईएल ८४ च्या जोडीला एवढाच भार लागतो. मी दुकानातच टाळी वाजवली. मिस्त्रींना वाटलं डास मारला.

पहिल्यांदा भरलं ते फसलं. मिस्त्रींनी सगळी प्रायमरी आत भरली आणि वर सेकंडरी. पखवाज ठीक, पण टाळ गोधडीखालून वाजल्यासारखे. मूळचे थर तसे नव्हतेच: अर्धी प्रायमरी, मग सेकंडरी, वर उरलेली अर्धी. उलगडताना मी पाहिलं होतं, पण मोजायच्या नादात बोललो नाही. चूक माझीच. दुसऱ्यांदा तसं भरलं. वरच्या अर्ध्या भागाचा रेझिस्टन्स थोडा जास्त भरतो, पण ते चालतं. बाहेरचा वेढा मोठा म्हणून तार जास्त लागते.

१०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून चालू केला. आत शॉर्ट असता तर तो तसाच पेटून राहिला असता. भपकन पेटला, मग मंद होत गेला. तेव्हा कुठं श्वास सोडला. पॉवर ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे, पण तो २२० वर जोडलेला होता. इथं रात्री शेतातले पंप बंद झाले की २४५ येतं, वॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरला ६.३ च्या जागी ७ व्होल्ट! मागच्या पट्टीवर २४० चा टॅप होता, तिथं वायर हलवली.

मिस्त्रींनी पैसे लावले मोटारीच्या हिशोबानं, तारेच्या वजनावर. काट्यावर तार पाव किलोसुद्धा भरेना, तर स्वतःच हसत बसले. दोनदा भरायचे म्हणून मी बळंच जास्त दिले.

आज भजनाला लावला होता. टाळ सुटे ऐकू येतात.

तो एका वॉल्व्हचा ट्रान्सफॉर्मर तसाच पडलाय. तुझ्या बंद रेडिओत एकच ईएल ८४ आहे ना? मग रेडिओ घेऊनच ये, बसतो का बघू. आणि येताना एक ईसीसी ८३ वॉल्व्ह आण, इथली करकर करायला लागलीय.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
भोंगेवाला