हप्त्यापलीकडचा खर्चही धरा

मा. संपादक,

घरकर्जाच्या जाहिरातीत दिसतो तो फक्त मुद्दल-व्याजाचा हप्ता. 9 टक्के दराने 20 वर्षांसाठी तो लाखामागे सुमारे 900 पडतो; पहिल्या महिन्यात त्यातले 750 नुसत्या व्याजात जातात. त्यात वर्षाच्या मालमत्ता कराचा बारावा हिस्सा, विमा आणि देखभाल मिळवा. कराची जुनी पावती पाहून मात्र आकडा धरू नका: विकणाऱ्याला मिळणारी सवलत नव्या मालकाला लागू होईलच असे नाही, शिवाय फेरमूल्यांकनही होऊ शकते. घरखरेदीसाठी मिळणारे अनुदान मुद्दलातून वजा झाले तरच हप्ता उतरतो. तीच मदत दुय्यम कर्जाच्या, म्हणजे मुख्य कर्जाखेरीजच्या दुसऱ्या कर्जाच्या, रूपात असेल, तर परतफेड कधीपासून आणि घर लवकर विकल्यास किती, हे मंजुरीपत्रात आधी वाचावे. अनुदानाचे पैसे जमा होईपर्यंत हिशेब पूर्ण कर्जावरच करावा.

— एक वाचक