ब्रेक निकामी होण्याआधी गिअर चुकलेला असतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घाटात ट्रक उलटला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते : 'ब्रेक निकामी झाल्याने चालकाचे नियंत्रण सुटले.' गेली तीन वर्षे मी स्वतः अवजड गाडी चालवते. पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून वाशीच्या मार्केटला नेते. हंगामात आठवड्यातून दोन-तीन रात्री कसारा घाट उतरणे होतेच. त्या वाक्यापाशी मी दर वेळी अडते. ब्रेक निकामी होतात हे खरे, पण अनेकदा तो शेवट असतो. सुरुवात वर, घाटमाथ्यावर, चुकीच्या गिअरने झालेली असते, आणि तो गिअर कसा टाकायचा हे त्या चालकाला कुणी शिकवलेलेच नसते. मलाही शिकवले नव्हते. म्हणून हे पत्र.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, तीस वर्षे ट्रकवर होते. डावा गुडघा गेला तेव्हा डॉक्टरांनी क्लच दाबणे बंद करायला सांगितले. गाडीचे हप्ते चालू होते, मला भाऊ नाही, आणि मोटार मला चालवता येत होती. म्हणून मी अवजडचे लायसन्स काढायचे ठरवले. हलक्या वाहनाचे लायसन्स किमान एक वर्ष जुने असावे लागते, ते माझ्याकडे होते. एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातले. स्कूलचे नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका स्कूलचा नाही.

नियम सांगतो की अवजड वाहनाचे प्रशिक्षण किमान 30 दिवसांचे असावे आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान 15 तास असावेत. माझ्या वाट्याला आलेली मिनिटे मी वहीत लिहून ठेवत होते. बेरीज केली तर चार तास भरत नाहीत. गाडी रिकामी, मैदान सपाट, केबिनमध्ये आम्ही पाच जण आणि प्रत्येकाची पाळी दहा मिनिटांची. "सेकंडला उचल, थर्ड टाक, बस, उतर, पुढचा ये." रिकामा ट्रक सेकंडला सहज उठतो. थर्डच्या पुढे मी कधी गेलेच नाही, आणि वरच्या गिअरवरून खाली कसे यायचे हा विषयच निघाला नाही. थांबायचे असले की क्लच आणि ब्रेक दाबून गाडी उभी करायची, मग पुन्हा सेकंड. चाचणीही तशीच झाली : रिकामी गाडी, सपाट जागा, एक फेरी. लायसन्स घरी आले त्या दिवशी आईने गल्लीत पेढे वाटले. मला त्या दिवशी एकही गिअर उतरवता येत नव्हता.

नानांनी ते कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "हे ठेव पाकिटात. आता शिकू."

पहिले आठ दिवस त्यांनी इंजिन चालूच करू दिले नाही. गाडी दारात उभी, मी सीटवर डोळे मिटून, आणि ते खाली खाट टाकून ओरडायचे, "पाच! तीन! चार! दोन!" मोटारीचा गिअर मनगटाने पडतो. ट्रकचा दांडा लांब, त्याला खांद्यापासून हात लागतो, आणि एक फट चुकली की चौथ्याऐवजी दुसरा सापडतो. उभ्या गाडीत ती चूक कळते आणि सुधारता येते. रात्री, उतारावर, मागे दहा टन कांदा असताना तिथे बघायला वेळ नसतो.

मग गाडी चालू झाली, पण इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या काट्यावर नानांनी काळी चिकटपट्टी लावून टाकली. "तिचं ऐक." महिनाभर मी ऐकून गिअर टाकले. इंजिन दबले की आवाज जाड होतो, सीटखाली थरथर येते, तेव्हा खालचा गिअर मागते. मोकळे झाले की आवाज बारीक होतो, तेव्हा वरचा. हे पुस्तकात वाचून कळत नाही. पट्टी अजून तशीच आहे, मी काढलेली नाही.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते डबल क्लचवर. वर जाताना क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचे, क्लच सोडायचा, पुन्हा दाबून वरचा गिअर टाकायचा. खाली येताना त्यात एक गोष्ट वाढते : न्यूट्रलमध्ये क्लच सुटलेला असतानाच रेस द्यायची, आणि मग क्लच दाबून खालचा गिअर. कारण तोच वेग ठेवून खालचा गिअर हवा असेल तर इंजिनाला जास्त फेरे घ्यावे लागतात. ते फेरे गिअरपेटीतल्या शाफ्टला आधी दिले नाहीत तर दात दातावर घासतात, खर्रर आवाज येतो आणि दांडा हाताला झटका देऊन बाहेर येतो. नाना म्हणायचे, "चालत्या बैलगाडीत बसायचं तर चार पावलं तिच्यासंगं पळावं लागतं. उभ्यानं उडी मारली तर पडशील." हल्लीच्या पेट्यांत ही जुळवाजुळव सिंक्रोनायझर करतो आणि डबल क्लच न करताही गिअर पडतो, हे खरे. पण आमची गाडी 2018 ची, दुसऱ्या-तिसऱ्याचे सिंक्रो झिजलेले. रस्त्यावर अशाच गाड्या जास्त दिसतात, आणि नवखा चालक नवी गाडी घेऊन थोडाच निघतो? त्याला मिळते ती मालकाची जुनी गाडी.

पहिल्यांदा भरलेली गाडी घेऊन नाना मला मालेगावच्या बाजूला, राहूड घाटात घेऊन गेले. दोनशे गोण्या होत्या. पिंपळगावातच पहिला धक्का बसला. सवयीने सेकंड टाकला, तर गाडी हललीच नाही आणि क्लच जळाल्याचा वास केबिनभर झाला. पहिला गिअर कशासाठी असतो हे तेव्हा कळले. घाटाच्या चढावर चौथ्यातून तिसरा टाकायला मी उशीर केला. चढावर भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये दोन सेकंदसुद्धा वाट बघत नाही. रेस देऊन क्लच दाबेपर्यंत वेग तिसऱ्याच्याही खाली गेला होता. दात वाजले, गिअर बसला नाही आणि सोळा टन वजन मागे सरायला लागले. नानांनी हँडब्रेक ओढला. क्लीनर पोराने उडी मारून चाकामागे लाकडी ठोकळा टाकला. मागे एक एसटी होती. तिच्या चालकाने अंतर राखले होते, म्हणून मी आज हे लिहिते आहे. माझे पाय इतके कापत होते की क्लचवर ठरेनात. नाना रागावले नाहीत. म्हणाले, "चढावर गिअर मागायच्या आधी द्यायचा असतो. चल, पहिला टाक." त्या दिवशी राहूड घाट आम्ही तीनदा चढलो-उतरलो. डिझेलचे पैसे त्यांनी मोजले नाहीत.

कसारा घाट त्यानंतर दीड महिन्याने. इगतपुरी सोडली की घाटनदेवीचे मंदिर लागते. आमच्याकडचे चालक तिथे हात जोडतात. नानांनी मला गाडी बाजूला घ्यायला लावली, हात जोडले आणि म्हणाले, "देवीला सांगून झालं. आता गिअर." ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा त्यांचा नियम, आणि तो उतार सुरू होण्याआधी टाकायचा. मी तिसरा टाकला, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा) चालू केला आणि सोडली. शेजारून भरलेले ट्रक सुसाट जात होते, कुणी हॉर्न देत होते, एकाने तर केबिनमध्ये बाई पाहून काच खाली करून काहीतरी ओरडून दाखवले. "जाऊ दे त्यांना. आपली गाडी इंजिनावर टांगलेली आहे, त्यांची ब्रेकवर." ब्रेकवर पाय ठेवून राहायचे नाही, दाबून वेग उतरवायचा आणि पूर्ण सोडायचा, म्हणजे चाकातल्या ब्रेकच्या ड्रमला गार व्हायला वेळ मिळतो. खाली कसाऱ्याला पोचल्यावर त्यांनी मला उतरवून मागच्या चाकाजवळ हात धरायला लावला. चुलीशेजारी बसल्यासारखी ऊब होती, चटका नव्हता. पलीकडे उभ्या असलेल्या एका ट्रकच्या चाकातून धूर निघत होता आणि ब्रेकचे लायनर, म्हणजे ड्रमवर घासणारे पट्टे, जळाल्याचा तो उग्र वास येत होता. त्याचा चालक पाण्याची बादली शोधत फिरत होता.

इगतपुरी ते कसारा हा उतार जवळपास 300 मीटरचा आहे. रेल्वेलासुद्धा तिथे 37 ला 1 असा चढ आहे, मागून बँकर इंजिने लावून गाड्या वर चढवतात. सोळा टन तेवढे खाली आणताना जी ताकद सुटते ती कुठेतरी जिरावी लागते. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर चाके इंजिनाला फिरवतात आणि इंजिन ती ताकद खाते. वरच्या गिअरमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये ती सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन साठते. लायनर तापले की पकड सोडतात. तेव्हा चालकाला गिअर आठवतो, पण तोवर वेग इतका झालेला असतो की खालचा गिअर बसत नाही, आणि होता तोही सुटून गाडी न्यूट्रलमध्ये राहते. मग तुमच्या बातमीतले वाक्य खरे होते.

न्यूट्रलविषयी थोडे जास्त लिहिते, कारण डिझेल वाचते म्हणून उतारावर न्यूट्रल मारायला मालकच सांगतात. हे चूक आहे. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलेला असला, की पंप डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला मात्र डिझेल लागतेच. शिवाय ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन मंद, तर हवाही मंद भरते, आणि नेमके तेव्हाच पुन्हा पुन्हा ब्रेक मारून हवा खर्च होत असते.

घाटातला प्रत्येक अपघात असाच होतो असे माझे म्हणणे नाही. जादा माल, न बदललेले लायनर, दोन रात्रींची झोप नसणे, सगळे असते. पण शिकण्याची बाजू आपल्या हातातली आहे, आणि त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 15 वाचा. उतारावरून जाताना झटपट खालचे गिअर टाकता येतात, आणि तीव्र चढावर थांबवलेली गाडी मागे न घसरता पुन्हा काढता येते, हे उमेदवाराने चाचणीत दाखवायचे असते. तेव्हा ज्याने हे लिहिले त्याला घाट माहीत होता. 1 जुलै 2021 पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची योजना आली, तिच्यात अवजड वाहनासाठी 6 आठवड्यांत 38 तासांचा अभ्यासक्रम आहे. कागदावर सगळे आहे. माझ्या चाचणीत उतार नव्हता.

नाशिक जिल्ह्याला तर शिकवायला घाट शोधत फिरावे लागत नाही. राहूड आहे, सिन्नरच्या वाटेवर मोहदरी आहे, कसारा आहे. वाळूच्या गोण्या भरून गाडी जड करता येते. उमेदवाराला चढावर थांबवा, उतारावर गिअर उतरवायला लावा, ज्याला जमत नाही त्याला परत पाठवा. पहिल्या खेपेला मीही परत गेले असते आणि ते योग्य झाले असते. घाटमाथ्यावर घाटनदेवीजवळ 'खालचा गिअर इथेच टाका' असा मोठा फलक मराठी-हिंदीत लावावा आणि गाडी बाजूला घेण्यापुरती जागा ठेवावी. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला, जवळपास 8 किलोमीटरच्या बोगद्यातून घाट टळतो, हे मी जाणते. पण कांद्याच्या भाड्यात तो टोल आम्हाला बसत नाही, आम्ही जुन्याच रस्त्याने उतरतो. आता तर 2027 च्या सिंहस्थाच्या कामांसाठी खडी-सिमेंटच्या गाड्या वाढल्या आहेत आणि त्यांच्या केबिनमध्ये मला विशी-बाविशीची पोरे दिसतात.

आपल्याकडे एक विनंती. नाना रस्त्यात उलटलेला ट्रक दिसला की थांबायचे, माणसे बाहेर काढायला हात लावायचे, आणि सगळे झाल्यावर केबिनमध्ये डोकावून दांडा कुठे आहे ते बघायचे. तीन वर्षांत दोनदा मीही थांबले. दोन्ही वेळा दांडा मधोमध, न्यूट्रलमध्ये होता. घाटातल्या अपघाताची पुढची बातमी देताना आपल्या बातमीदाराने पोलिसांना एवढे विचारावे : गाडी कोणत्या गिअरमध्ये सापडली?

आपली,
एक ट्रकचालक, पिंपळगाव बसवंत परिसर, जि. नाशिक
(नाव छापू नये, ही विनंती.)