किमान देय रकमेचा खरा हिशेब बिलावर छापा

महोदय,

क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात : एकूण देय आणि किमान देय. किमान रक्कम भरली की विलंब शुल्क लागत नाही, थकबाकीदार म्हणून नोंदही होत नाही. त्यामुळे महिना निभावला असे अनेकांना वाटते. व्याज मात्र चालूच राहते.

५०,००० रुपयांची बाकी धरा. दरमहा साडेतीन टक्क्यांनी व्याज १,७५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५ रुपये. किमान देय पाच टक्के धरले तर २,५०० रुपये. त्यातले २,०६५ रुपये व्याज आणि करातच जातात, मुद्दल फिटते अवघे ४३५ रुपये! तेही त्या कार्डावर नवी खरेदी पूर्ण थांबवली तरच. मागची बाकी असेपर्यंत बिनव्याजी मुदत मिळत नाही. आजच्या किराण्यावरही आजपासून व्याज लागते.

हेच ५०,००० रुपये वार्षिक १४ टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जात वळवले, तर दोन वर्षांसाठी हप्ता सुमारे २,४०० रुपये बसतो. म्हणजे किमान देयापेक्षाही कमी, आणि चोविसाव्या हप्त्याला कर्ज संपते. असे कर्ज मिळत नसेल तर सोनेतारण किंवा मुदत ठेवीवरचे कर्ज पाहावे. कार्डाची बाकी हप्त्यांत बदलून घ्यायची असेल, तर प्रक्रिया शुल्क, व्याजावरचा जीएसटी आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा आकार आधी लेखी मागावा.

ऑटो-डेबिट लावताना 'किमान रक्कम' हा पर्याय निवडला गेला नाही ना, हे अवश्य तपासावे. पगार असूनही वर्षानुवर्षे बाकी राहण्याचे हे एक साधे कारण असते. वसुली एजंटने सुचवलेली 'सेटलमेंट', म्हणजे बाकीपेक्षा कमी रक्कम भरून खाते मिटवणे, हा अगदी शेवटचा उपाय. 'सेटल्ड' हा शेरा पत अहवालात राहतो आणि पुढे गृहकर्जाच्या वेळी आडवा येतो.

फक्त किमान रक्कम भरल्यास फेड लांबते, असा इशारा देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहेच. पण तो बारीक अक्षरांत असून उपयोग नाही. 'या महिन्यात किमान रक्कम भरल्यास मुद्दल इतके रुपये कमी होईल' ही एक ओळ, त्या ग्राहकाच्या आकड्यासह, मराठीत आणि किमान देयाच्या शेजारीच छापायला लावावी.

– एक वाचक, ठाणे