फक्त बोलण्याचा पॅक तीस दिवसांचा मिळू द्या

प्रति,
माननीय केंद्रीय दळणवळण मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

अमळनेर तालुक्यातल्या एका गावात माझं मोबाइल रिचार्जचं छोटं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी मजुरी हातात पडली की लोक आधी किराणा घेतात आणि उरलेल्या पैशांत रिचार्ज बसतो का ते पाहायला माझ्याकडे येतात. बटनाचा फोन पुढे करून म्हातारी माणसं म्हणतात, "भाऊ, माले नेट नको, फकस्त बोलानं टाकी दे." त्यांना परवडेल असं 'फक्त बोलण्याचं' माझ्याकडे काही नसतं, म्हणून हे पत्र.

तसा नियम झालेला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, प्रत्येक कंपनीला फक्त कॉल आणि एसएमएसचं निदान एक व्हाउचर (पॅक) ठेवायला लावलं आणि त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेता येईल असंही ठरवलं. निर्णय चांगलाच होता. पण जानेवारी २०२५ मध्ये मोठ्या कंपन्यांचे असे पॅक आले ते लांब मुदतीचे. एका कंपनीचा ८४ दिवसांचा ४६९ रुपयांना, वर्षाचा १८४९ रुपयांना. कपाशी वेचणाऱ्या बाईने एका फोनसाठी एकदम ४६९ रुपये कुठून काढायचे? ती त्याच कंपनीचा २८ दिवसांचा १९९ चा पॅक मारते. त्यात नेट असतं, तिच्या फोनवर ते चालतच नाही.

आता वर्षाचा हिशोब पाहा. २८ दिवसांचा पॅक वर्षात तेरा वेळा मारावा लागतो. १९९ गुणिले १३ म्हणजे २५८७ रुपये. ज्याच्याकडे एकरकमी पैसे आहेत त्याचं वर्ष १८४९ मध्ये निघतं. म्हणजे गरिबाला, तेही न वापरलेल्या नेटसकट, ७३८ रुपये जास्त पडतात. घरात असे दोन फोन असले तर जवळपास दीड हजार. आमच्याकडे शाळेच्या वह्या-दप्तराचा खर्च त्यात भागतो.

फोनच बंद करून टाका म्हणावं, तर तेही जमत नाही. पीएम-किसानची ई-केवायसी, बँक, आधार, सगळ्याचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. मुलगा सुरतेला कामाला असतो, त्याचा फोनही त्याच नंबरवर येतो. रिचार्ज ही आता घरातली मिठासारखी गरज झाली आहे, आणि तिचा खर्च आईबापांच्या औषधांच्या पैशांतून निघतो हे मी रोज डोळ्यांनी पाहतो.

दर ठरवणं कंपन्यांच्या हातात आहे, असं उत्तर मिळेल हे मला माहीत आहे. दर कमी करा असं मी म्हणतच नाही. मुदतीबद्दल मात्र ट्राय आदेश देऊ शकते, कारण तिने तसा दिलेला आहे. २८ दिवसांच्या पॅकबद्दल तक्रारी वाढल्या तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचे पॅकही ठेवावेत असं तिनेच सांगितलं. हे दोन नियम एकत्र करा. फक्त कॉल-एसएमएसचा पॅक ३० दिवसांच्या मुदतीतही सक्तीचा करा. वरच्या वर्षाच्या पॅकच्या हिशोबाने तीस दिवसांचे १५२ रुपये होतात. थोडे जास्त लावले तरी माणूस १९९ पेक्षा सुटतो.

दुसरं एक. हे पॅक आहेत हेच गावात कुणाला ठाऊक नाही. दुकानात कंपनीचे फलक लागतात ते नेटच्या पॅकचे. फक्त बोलण्याच्या पॅकचा दर मराठीत, मोठ्या अक्षरांत, प्रत्येक रिचार्जच्या दुकानात लावायला कंपन्यांना भाग पाडा. माझ्या दुकानात मी तो हाताने लिहून लावला आहे. लोक तो वाचतात, ४६९ चा आकडा पाहतात आणि १९९ च काढून देतात.

आपला,
एक रिचार्ज दुकानदार
ता. अमळनेर, जि. जळगाव