पेई करुंबूहून परतल्यावर

खानापूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

रामेश्वरहून आम्ही दोघे काल सुखरूप परतलो. त्या रात्री तू भरल्या ताटावरून उठून पुण्याला गेलास, तेव्हापासून फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पाटल्यांचा विषय काढणार नाही, असे मी तुझ्या आईला कबूल केले आहे.

दर्शनानंतर पेई करुंबूला गेलो. शिलाँगला व्याख्यान देता देता गेलेल्या कलामसाहेबांना जुलै २०१५ मध्ये तेथेच दफन केले आणि दोन वर्षांनी, त्यांच्या स्मृतिदिनी, डीआरडीओने बांधलेले स्मारक खुले झाले. मी क्षेपणास्त्रांच्या प्रतिकृती पाहत फिरलो. तुझी आई मात्र वीणा वाजवणाऱ्या त्यांच्या पुतळ्यापुढून हलेना. नंतर मशीद गल्लीतले त्यांचे घर पाहिले. तेथे आता संग्रहालय आहे, पण मला आठवत राहिली ती त्यांची बहीण जोहरा. मद्रासच्या एमआयटीत प्रवेश मिळाला तेव्हा लागणारे हजारेक रुपये वडिलांजवळ नव्हते, म्हणून तिने आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. तुझ्या कपाटातल्या त्यांच्या आत्मचरित्रात हे आहे. बेळगावच्याच एका प्राध्यापिकेने ते मराठीत आणले, म्हणून दहावीच्या सुट्टीत मी तुला कौतुकाने वाचायला दिले होते. स्वतःच्या कमाईने त्या बांगड्या सोडवायच्या, असे कलामांनी ठरवले; शिक्षण सोडतो, असे ते म्हणाले नाहीत.

पुन्हा उपदेश करू लागलो, क्षमा कर. तुझा राग मला कळतो. माझ्या डी.एड.च्या वेळी अक्काने गोठ दिले आणि ते सोसायटीतून कधीच सुटले नाहीत. राणीच्या लग्नात ती काचेच्या बांगड्या घालून मिरवली, तेव्हा मी मांडवाबाहेर जाऊन उभा राहिलो होतो. म्हणूनच आईचे मोकळे हात पाहून तू ताडकन उठलास, तेव्हा मला तुझा अभिमान वाटला, आणि तू खरोखरच प्रवेश रद्द करशील या भीतीने मी रात्रभर जागा राहिलो.

फीची मुदत शनिवारपर्यंत आहे. पैसे तुझ्या खात्यात आहेत, ते परत पाठवू नकोस. फी भरलीस का, एवढे आईला तरी कळव. मला नाही सांगितलेस तरी चालेल.

कलामांच्या घराजवळच्या दुकानातून तिने तुझ्या टेबलासाठी एक शंख घेतला आहे. तो पार्सलने पाठवू, की दिवाळीला येशील?

तुझे,
बाबा